विहिरीचे पाणी आणि विकरांचे तंत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जव्हार-मोखाड्यात पावसाळाभर धो धो पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कितीतरी पाडे टँकरची वाट पाहतात. जिथे हंडाभर पाण्यासाठी एवढी पायपीट, तिथे ते शुद्ध कसे करावे याविषयी चुकीच्या समजुती परवडत नाहीत.

गैरसमज : विकरे, म्हणजे एन्झाइम, हे पाण्यात सोडलेले जिवाणू असतात.
वस्तुस्थिती : विकरे सजीव नसतात, ती प्रथिने आहेत. मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिशच्या मुळात पेरॉक्सिडेज हे विकर असते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते पाण्यातल्या फिनॉलचे रेणू एकमेकांना जोडते. हे मोठे रेणू विरघळलेले राहत नाहीत, त्यामुळे गाळून काढता येतात.

गैरसमज : विकरांच्या जोडीला सुपरक्रिटिकल प्रवाही, म्हणजे ठरावीक तापमान आणि दाबापलीकडे गेलेला पदार्थ, वापरता येत नाही; ती भट्टीची उष्णता, त्यात विकर टिकणारच नाही.
वस्तुस्थिती : पाण्याला त्या अवस्थेत जायला ३७४ अंश सेल्सिअस तापमान लागते, तिथे विकर नष्टच होते. कार्बन डायऑक्साइडला मात्र ३१ अंश पुरतात, दाब तेवढा सुमारे ७४ बार लागतो. तेव्हा तो वायूसारखा पसरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. कॉफीतले कॅफीन असेच काढतात. खरी अडचण वेगळी आहे : हा वायू पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल तयार होते आणि त्या आंबटपणात अनेक विकरे मंदावतात.

गैरसमज : विकर आणि दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरणारे यंत्र बसवले की विहिरीचे पाणी पिण्याजोगे होईल.
वस्तुस्थिती : हे तंत्र विरघळलेल्या रसायनांसाठी आहे. जाड पोलादी भांडी, पंप आणि वीज लागणारे हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत चालते. त्याचा विचार व्हावा तो तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्यासाठी. पाड्यावरच्या उघड्या विहिरीला मोठा धोका असतो तो पावसाबरोबर वाहून येणाऱ्या मैल्याचा आणि त्यातल्या रोगजंतूंचा.

गैरसमज : तुरटी फिरवून नितळ झालेले पाणी सुरक्षित असते.
वस्तुस्थिती : तुरटीने गाळ खाली बसतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. त्यासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, योग्य प्रमाणात टाकून किमान अर्धा तास थांबावे लागते. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

प्रगत तंत्राची वाट पाहत बसू नका. पहिल्या पावसात विहीर गढूळ झाली की ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा : टीसीएल टाकले का, चाचणी केली का? उत्तर मिळेपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्या, आणि लहान मुलांना तर उकळल्याशिवाय देऊच नका.