उत्पत्तीचे सहा दिवस आणि मावळचा कातळ

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, वनस्पती, प्राणी आणि मानव निर्माण केले व सातव्या दिवशी विसावा घेतला, अशी कथा आहे. ही कथा ख्रिस्ती माणसाने अक्षरशः खरी मानलीच पाहिजे, ती तशी मानली नाही तर त्याची श्रद्धा अपुरी ठरते, असा समज ख्रिस्तेतर वाचकांत तर आढळतोच, पण अनेक ख्रिस्ती कुटुंबांतही तो मूळ धरून आहे. मावळात हा प्रश्न केवळ ग्रंथापुरता राहत नाही. कारण खंडाळ्याच्या घाटात ज्या काळ्या कातळातून हमरस्ता आणि लोहमार्ग काढलेले आहेत, त्याचे वय भूशास्त्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे सांगते, आणि त्याच कातळावर वसलेल्या लोणावळ्यात डॉन बॉस्कोची शाळा आहे, फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली व पुढे येथे आलेली ‘साधना’ ही जेझुइट संस्था आहे, आणि रविवारी देवाला आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता म्हणून कबूल करणारी मंडळी आहे. या दोहोंपैकी एक गोष्ट सोडल्याशिवाय दुसरी धरता येत नाही, अशी समजूत करून देणारे काही गैरसमज वस्तुस्थितीशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज : अक्षरशः अर्थ हाच ख्रिस्ती परंपरेतील मूळचा आणि एकमेव अर्थ होय.

तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा विद्वान ओरिजेन याने सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असे कथाच सांगत असताना पहिले तीन दिवस नेहमीच्या अर्थाने दिवस कसे असू शकतील, असा प्रश्न उघडपणे विचारला होता. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराचा पाया घालणारा उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने तर उत्पत्तीच्या शब्दार्थावरच एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि बऱ्याच वर्षांच्या चिंतनानंतर तो अशा मताला आला की देवाने सर्व काही एकाच क्षणी, बीजरूपाने निर्माण केले असून सहा दिवस हा निर्मितीचा क्रम समजून घेण्याची एक रीत आहे. त्याच ग्रंथात त्याने दिलेला इशारा आजही लागू पडतो : आकाश, ग्रह, प्राणी यांविषयी अनुभवाने व विचाराने जे निश्चित कळलेले आहे त्याच्या विरुद्ध बोलून आणि त्यासाठी पवित्र शास्त्राचा आधार देऊन ख्रिस्ती माणसाने परक्यांपुढे आपल्या धर्मग्रंथाचे हसे करून घेऊ नये. सर्वच प्राचीन आचार्यांचे मत असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कॅपेडोशियाचा बेसिल याने सहा दिवसांवर दिलेली प्रवचने बरीचशी सरळ अर्थाने चालतात. मात्र ऑगस्टीन आणि बेसिल हे दोघेही एकाच चर्चचे संत म्हणून मान्यता पावले, आणि दिवसांच्या लांबीवरून कोणालाही चर्चबाहेर काढण्यात आले नाही.

स्वतः मूळ पाठही अक्षरशः वाचनाला फारशी साथ देत नाही. पहिल्या अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी येतात, पशू सहाव्या दिवशी आणि त्यांच्यामागून स्त्री व पुरुष एकत्र निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात मात्र शेतातली झुडपे उगवण्यापूर्वीच मातीपासून पुरुष घडवला जातो, मग बाग लावली जाते, मग पशुपक्षी येतात आणि अखेरीस स्त्री. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्या संकलकांना हा फरक दिसला नसेल, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. पहिल्या अध्यायाची रचनाही पाहण्यासारखी आहे : पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश व समुद्र, भूमी ही क्षेत्रे वेगळी केली जातात आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने ती ज्योती, पक्षी व मासे, पशू व मानव यांनी भरली जातात. ही मांडणी घटनांच्या रोजनिशीची नसून उपासनेच्या भाषेतील घोषणेची आहे. शेजारची राष्ट्रे ज्या सूर्यचंद्रांना देव म्हणून पूजत होती, ते येथे केवळ दिवे म्हणून टांगले जातात, यात त्या काळच्या श्रोत्यांसाठी फार मोठा आशय होता आणि तो दिवसांची लांबी मोजणाऱ्या वाचकाच्या हाती लागत नाही.

मराठी वाचकाला या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात सृष्टीच्या निर्मितीपासूनच्या जुन्या करारातील कथा ओवीत सांगितल्या आहेत. स्टीफन्स हे त्या काळच्या समजुतीप्रमाणे कथेतील घटनाही खऱ्याच मानत असतील. परंतु निर्मितीची कथा सांगण्यासाठी त्यांनी इतिवृत्ताची नव्हे, तर पुराणाची वाट निवडली, आणि ज्या श्रोत्यांना पुराण ऐकण्याची सवय होती त्यांच्यासमोर ती ठेवली.

गैरसमज : अक्षरशः अर्थ सोडणे ही विज्ञानाने अडचणीत आणल्यावर काढलेली पळवाट आहे.

डार्विनचा ग्रंथ १८५९ चा आहे, तर ऑगस्टीनचा पाचव्या शतकातला. जिनिव्हाचा सुधारक कॅल्व्हिन याने १५५४ च्या आपल्या भाष्यात मान्य केले होते की चंद्राला मोठी ज्योती म्हणणारा मोशे, म्हणजे परंपरेने उत्पत्तीचा मानलेला लेखक, खगोलशास्त्र शिकवीत नव्हता. शनी चंद्राहून मोठा आहे हे ज्योतिर्विदांचे म्हणणे खरे असले, तरी मोशे सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसते त्या भाषेत बोलत होता. पळवाट शोधण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधी ही वाट रुळलेली होती.

गैरसमज : महाराष्ट्रात आलेले मिशनरी सहा हजार वर्षांची पृथ्वी शिकवायला आले होते.

सहा हजार वर्षांचा आकडा बायबलच्या कोणत्याही ओळीत नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींतील वयांची बेरीज करून इ.स.पू. ४००४ हे निर्मितीचे साल १६५० मध्ये प्रसिद्ध केले आणि १७०१ पासून ते इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले. समासातला आकडा वाचकांच्या मनात मूळ पाठाइतकाच पवित्र होऊन बसला. मिशनऱ्यांपैकी काहींना तो मान्य असेलही. परंतु महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण याच्या नेमके उलट आहे आणि ते मराठी वाचकांना जितके ठाऊक असायला हवे तितके नाही.

स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. ज्यांच्या नावाने नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही ओळखले जाते ते हेच. उपदेश आणि शाळा ही त्यांची मुख्य कामे असली, तरी दौऱ्यावर असताना हातोडी त्यांच्याबरोबर असे. नागपूरजवळ टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. जीवाश्म म्हणजे खडकात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष. आणि असे अवशेष लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडतात, याचा अर्थ एक उद्रेक थंड होऊन त्यावर तळी साचली, त्यांत गोगलगायींच्या पिढ्या जगल्या व मेल्या, आणि मग पुढचा लाव्हा त्यांच्यावरून वाहत आला. हिस्लॉप व हंटर यांनी १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात याविषयी निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे हिस्लॉप यांनी या थरांचे वय जीवाश्मांची तुलना करूनच ठरवले. त्यांनी सुचवलेला कालखंड आजच्या मापनापेक्षा थोडा अलीकडचा निघाला, पण पद्धत भूशास्त्राचीच होती आणि तिच्यात अशरच्या आकड्याला जागा नव्हती. ते ज्या फ्री चर्चचे सेवक होते, त्याचे पहिले अध्यक्ष थॉमस चामर्स यांनी पृथ्वी अतिप्राचीन असण्यास बायबलची हरकत नाही, असे १८१४ मध्येच लिहिले होते. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. त्यांच्या मिशनरी निष्ठेविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही.

नागपूरचा पातळ थर आणि मावळचा कडा हे एकाच लाव्हाच्या विस्ताराचे दोन भाग आहेत. दख्खनचा हा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला असून सह्याद्रीत त्याची जाडी सर्वाधिक आहे. भूशास्त्रज्ञांनी त्यातील थरांच्या एका गटाला लोणावळ्याचे, आणि त्यातील एका विभागाला खंडाळ्याचे नाव दिलेले आहे. घाटातील कापलेली दरड जवळून पाहिली तर काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कित्येक ठिकाणी विटेच्या रंगाचा मातकट पट्टा दिसतो. तो खालच्या थराचा माथा हवापावसाने कुजून झालेला आहे, म्हणजे वरचा लाव्हा येईपर्यंत खालचा कातळ उघड्यावर पडून होता. कातळातील पोकळ्यांत पांढरे, काचेसारखे खडे भरलेले असतात. थंड झालेल्या लाव्हातून दीर्घकाळ झिरपलेल्या पाण्याने ती खनिजे साठवलेली आहेत. या पट्ट्यांच्या थरांत मिळणाऱ्या झिर्कॉन नावाच्या सूक्ष्म स्फटिकांतील युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत असते, आणि त्या दोहोंचे प्रमाण मोजून वय काढले जाते. बायबलमधील नोहाच्या वर्षभराच्या जलप्रलयात हे सर्व घडले, असे म्हणणाऱ्याला थरांमधील प्रत्येक तांबड्या पट्ट्याचे उत्तर द्यावे लागते. कार्ल्याची लेणी ज्या कातळात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदली गेली, तो कातळ छिन्नी लागली तेव्हाही इतकाच पुरातन होता.

गैरसमज : आज सर्व चर्चेस या प्रश्नावर एकाच मताची आहेत.

तशी ती नाहीत. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे आणि खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयात साचले, हे मत आज ज्या रूपात प्रचलित आहे ते मुख्यतः विसाव्या शतकातले आहे : अॅडव्हेंटिस्ट पंथाचे जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांचे १९२३ चे पुस्तक आणि त्यांचाच धागा पुढे नेणारा व्हिटकोंब व मॉरिस यांचा १९६१ चा ग्रंथ, या दोहोंतून ते अमेरिकेत वाढले आणि तेथून जगभर गेले. अॅडव्हेंटिस्ट पंथ, ज्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था पुण्यात औंध येथे आहे, सहा दिवसांची निर्मिती आजही आपल्या मूलभूत श्रद्धांत गणतो. त्यामागे शनिवारच्या विश्रामदिनाविषयीची त्याची खोल निष्ठा आहे आणि तिचा आदर राखलाच पाहिजे. पण ती एका पंथाची भूमिका आहे, समग्र ख्रिस्ती धर्माची अट नव्हे.

कॅथलिक चर्चने १९५० च्या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधनाला मुभा दिली, १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने बायबलमधील प्रत्येक पुस्तक त्याच्या साहित्यप्रकारानुसार वाचावे असे सांगितले, आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त हा निव्वळ एक तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले. विश्वाचा विस्तार एका आदिम कणापासून झाला ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि आपल्या सिद्धान्ताला उत्पत्तीचा पुरावा म्हणून कोणी वापरू नये, याविषयी ते दक्ष असत.

गैरसमज : सहा दिवस सोडले की मग काहीच उरत नाही.

चौथ्या शतकात निकिया व कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदांत सिद्ध झालेला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेतील मुख्य गोष्टींचे सूत्ररूप निवेदन, देवाला दृश्य व अदृश्य अशा सर्वांचा निर्माता म्हणतो. त्यात दिवसांची संख्या नाही, वर्षांचा हिशोब नाही. सृष्टी देवापासून आहे, ती चांगली आहे, आणि प्रत्येक मनुष्य, कोणत्याही जातीचा व वंशाचा असो, देवाचे प्रतिरूप आहे, हे दावे मात्र ख्रिस्ती श्रद्धेतून वगळता येत नाहीत, आणि ते झिर्कॉनच्या वयाने सिद्धही होत नाहीत की खोटेही ठरत नाहीत.

खरी अवघड गोष्ट दिवसांची नसून आदामाची आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदामाच्या पापाची ख्रिस्ताच्या आज्ञापालनाशी सांगड घातलेली आहे, आणि म्हणून आदाम ही एक ऐतिहासिक व्यक्ती की समस्त मानवजातीचे नाव, यावर धर्मशास्त्रज्ञांत आजही गंभीर वाद आहे. १९५० चे कॅथलिक परिपत्रक अनेक आद्य पूर्वजांच्या कल्पनेविषयी साशंक होते. २००४ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने सर्व सजीवांचे मूळ एक असल्याचे जवळजवळ निश्चित मानले, आणि मानव एका व्यक्तीपासून आला की समूहापासून, हे न ठरवता त्याचा उगम देवाच्या विशेष कृतीशी जोडला. हा वाद श्रद्धेच्या आतला आहे. सर्वच बाजूंना स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे, प्रार्थना करणारे आणि बायबल गांभीर्याने वाचणारे लोक आहेत.