टेन्शन घ्या, पण मोजून!

वीकएंडला जुनी बुलेट काढून कोकणात निघताय? मग बॅग भरण्याआधी इंजिनच्या डाव्या कव्हरमध्ये काय चाललंय ते बघून घ्या.

शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद, शनिवारी पहाटे पाचला बुलेट सुरू. ताम्हिणी, माणगाव, मंडणगड आणि मग केळशी! तिथे महालक्ष्मीचं देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी जिचे थर अभ्यासले ती वाळूची प्रसिद्ध टेकडी. एकदम परफेक्ट प्लॅन. फक्त ताम्हिणी उतरताना थ्रॉटल सोडला की डाव्या पायाशी ‘खर्रर्र’ असा आवाज यायचा. बाबांची जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ती. म्हटलं, बुलेट आहे, आवाज करणारच!

परत आल्यावर गॅरेजवाल्या काकांनी डावं कव्हर उघडलं. आत बोटभर जाडीची दुहेरी चेन आणि तिच्याखाली एक वाकडी पट्टी. पट्टीवर चेनने दोन खोल चर पाडलेले. ‘‘ताई, ही पट्टी बघितली होती का कधी?’’ काकांनी विचारलं. खरं सांगायचं तर, अशी काही पट्टी असते हेच मला ठाऊक नव्हतं!

तर मंडळी, ही प्रायमरी चेन. मागच्या चाकाला जाते ती वेगळी. ही इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेते आणि बंद कव्हरमध्ये, ऑइलमध्ये फिरते, म्हणून कधी नजरेलाच पडत नाही. चेनमधल्या पिना आणि बुश घासून घासून झिजतात. प्रत्येक कडीत झीज केसाएवढीही नसते, पण सगळ्या कड्यांची मिळून चेन लांब होते, सैल पडते. ती सैल बाजू खालून उचलून धरणारी पट्टी म्हणजे टेन्शनर. आणि चेन सावरता सावरता तो स्वतःही झिजतो.

मग घाटातच आवाज का? गाडी पळवताना चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि सैल बाजू खाली, टेन्शनरवर. उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की उलटं होतं. आता चाक इंजिनला फिरवतं, खालची बाजू ताठ होते आणि टेन्शनरवर दाबून घासते. सिग्नलला सिग्नलला थांबत ऑफिस गाठणाऱ्या गाडीचीही हीच कथा. प्रत्येक पिक-अपला आणि प्रत्येक ब्रेकला चेनला झटका.

आवाज आला की आपण म्हणतो, ‘टाईट करून टाका!’ खरा घोळ इथेच होतो. चेन जास्त ताणली तर आवाज जातो, पण तिचा भार इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. पट्टी बदलण्याच्या कामाचं रूपांतर इंजिन खोलण्यात होऊ शकतं. जुन्या बुलेटला चेन साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, वर-खाली हलायला हवी. तीही सगळ्यात ताठ जागी मोजायची, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. क्रँक फिरवत चार-पाच ठिकाणी बघायचं. आणि ॲडजस्टिंग स्क्रू शेवटपर्यंत आला असेल तर चेन बदलायची वेळ झाली असं समजायचं. नुसती नवी पट्टी टाकून चेनचं वय कमी होत नाही.

‘ऑटोमॅटिक’ असलं की सुटलो, असंही नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या बाइक्सवर २००७ पासून आपोआप ताणणारा टेन्शनर आला. तो ताणायच्या दिशेने सरकतो, पण मागे येत नाही. त्यामुळे चेन नको इतकी ताणली जाते म्हणून काही रायडर्स तो काढून हाताने ॲडजस्ट होणारा बसवतात. रॉयल एनफिल्डने तर २०२० च्या मिटिऑर ३५० मध्ये प्रायमरी चेनच काढून गिअर दिले. पण घरातली जुनी बुलेट अजून चेनवरच चालते आणि तिची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

निघण्याआधीची चेकलिस्ट
• गाडी आयडलिंगला ठेवून डाव्या बाजूला कान द्या. थ्रॉटल सोडताना खरखर वाढते का?
• जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या चेनकेसचं ऑइल वेगळं असतं. इंजिन ऑइल बदललं म्हणजे तेही बदललं, असं नाही!
• ते ऑइल काढल्यावर त्यात चमकणारा धातूचा चुरा दिसला तर कव्हर उघडायला सांगा.
• चेन, पट्टी आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात एकत्र तपासा.
• ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी नको, आठवडाभर आधी जा. पार्ट मागवावा लागू शकतो.

शेवटचा मुद्दा मला तरी महत्त्वाचा वाटतो. ही चेन तुटली किंवा दातांवरून उडाली तर गाडी जागेवर थांबते आणि ॲल्युमिनियमचं कव्हर फुटण्याची भीती असते. रविवारी दुपारी केळशीच्या रस्त्यावर हे झालं तर सोमवारी बॉसला काय सांगणार?

मी चेन आणि पट्टी दोन्ही बदलली. बाबांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, ‘‘अगं, ती चेन मी तुझ्या दहावीच्या वर्षी शेवटची बघितली होती!’’ म्हणजे दहा-बारा वर्षं ती पट्टी विनातक्रार काम करत होती. पुढच्या महिन्यात पुन्हा केळशीला निघालेय. या वेळी मागे बाबा बसणार आहेत आणि ताम्हिणीच्या उतारावर कान देऊन ऐकणार आहेत.