उडवण्याआधीची मोजणी

‘माझी माहिती तुमच्याकडून काढून टाका,’ असं ग्राहकाने कंपनीला सांगितलं तर कंपनीने ती काढायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तशी तरतूद आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्यासाठी ती अजून लागत असेल किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्यापोटी नोंद जपून ठेवणं भाग असेल, तर तेवढा अपवाद. मोठ्या कंपनीत एकाच ग्राहकाच्या नोंदी विक्री, तक्रारी, वॉरंटी, एसएमएस अशा कितीतरी टेबलांत पसरलेल्या असतात. त्या शोधून काढण्याचं काम रोज हाताने कोणी करत बसत नाही, ते डेटा इंटिग्रेशनच्या सॉफ्टवेअरकडे सोपवलेलं असतं.

अशा सॉफ्टवेअरमधलं एक जुनं, भरपूर वापरलं गेलेलं नाव म्हणजे पेंटाहो डेटा इंटिग्रेशन. बेल्जियमच्या मॅट कास्टर्स यांनी ते ‘केटल’ या नावाने लिहिलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्यात कोड फारसा लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे, ते बाणांनी जोडायचे. एक चौकोन फाइल वाचतो, दुसरा तारीख नीट करतो, तिसरा टेबलात भरतो. या प्रत्येक चौकोनाला स्टेप म्हणतात. त्यांतलीच एक डिलीट, टेबलातल्या नोंदी पुसणारी. दिसायला ती बाकीच्यांसारखीच आहे, आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं ते याच कारणाने.

या स्टेपवर डबल क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते. पहिला महत्त्वाचा रकाना कनेक्शनचा, म्हणजे कोणत्या डेटाबेसवर काम करायचं हा. चाचणीचा आणि प्रॉडक्शनचा डेटाबेस आतून सारखाच दिसतो, त्यामुळे इथली चूक नजरेला खटकत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एक इंजिनिअर दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला गेला आणि प्रत्यक्षात मुख्य सर्व्हरवर होता. सुमारे ३०० जीबी डेटा उडाला. नेहमीचे बॅकअप चालूच नव्हते असं तेव्हा लक्षात आलं, आणि सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करावं लागलं. तिथे वापरली गेली ती साधी कमांड होती, ही स्टेप नव्हे. पण जागा चुकण्याचा धोका दोन्हीकडे तोच.

खरा जीव आहे तो खालच्या तक्त्यात. टेबलातला कोणता कॉलम, आधीच्या स्टेपकडून येणाऱ्या यादीतल्या कोणत्या फील्डशी, कोणत्या चिन्हाने ताडायचा हे तिथे भरायचं. समजा, एका दुकानाच्या साखळीत ग्राहक क्रमांक शाखेनुसार दिले आहेत. पुणे शाखेत १०२४ आहे, नाशिक शाखेतही १०२४ आहे. पुण्याच्या बाईंनी नाव काढायला सांगितलं आणि भरणाऱ्याने तक्त्यात फक्त ग्राहक क्रमांक घातला, तर नाशिकचे गृहस्थही जातील, आणि जितक्या शाखांत १०२४ असेल तितके सगळे. शाखेचा कॉलम दुसऱ्या ओळीत घातला की दोन्ही अटी एकदम जुळाव्या लागतात आणि फक्त पुण्याची नोंद निघते.

उलट बाजूचीही चूक होते. ‘गेट फील्ड्स’ बटण दाबलं की यादीतली सगळी फील्ड्स बरोबरच्या चिन्हासह तक्त्यात येऊन बसतात. मग नावाच्या सुरुवातीला एक मोकळी जागा जास्त असली तरी नोंद जुळत नाही आणि राहून जाते. कॉलम रिकामा, म्हणजे नल असेल तर बरोबरचं चिन्ह कधीच जुळत नाही, त्यासाठी ‘इज नल’ निवडावं लागतं. एकही नोंद सापडली नाही तरी स्टेप लाल होत नाही. शेवटी पडद्यावर जो आकडा दिसतो, तो स्टेपमधून किती ओळी गेल्या त्याचा. टेबलातून किती नोंदी निघाल्या, हे तो सांगत नाही. म्हणून त्याच अटींवर आधी सिलेक्ट ही फक्त वाचणारी क्वेरी चालवून मोजणी घ्यावी, डिलीटनंतर पुन्हा घ्यावी आणि फरक यादीशी ताडावा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी ते टाळणाऱ्याच्या हाती मी ही स्टेप देणार नाही.

क्रमाचंही तसंच. जुन्या नोंदी हलवताना अनेकजण एकाच ट्रान्सफॉर्मेशनमध्ये, म्हणजे जोडलेल्या चौकोनांच्या एकाच चित्रात, त्या आर्काइव्हमध्ये टाकतात आणि शेजारच्या चौकोनातून डिलीट करतात. चित्र डावीकडून उजवीकडे काढलेलं असलं तरी त्यातल्या सगळ्या स्टेप्स एकदमच सुरू होतात. आर्काइव्हची प्रत पक्की होण्याआधी मूळ नोंद गेलेली असू शकते. त्यापेक्षा दोन ट्रान्सफॉर्मेशन करावीत आणि ती जॉबमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन क्रमाने चालवणाऱ्या चित्रात, एकापाठोपाठ लावावीत: आधी प्रत, मग मोजणी, ती जुळली तरच डिलीट. डिलीटच्या खिडकीतला कमिट साइज म्हणजे किती ओळींनंतर काम कायम करायचं तो आकडा. मध्येच गाडी बंद पडली तर कमिट झालेल्या नोंदी परत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवून तो ठरवावा.

मुख्य टेबलाला जोडलेली टेबलं असतील तर आधी त्यांतल्या नोंदी काढाव्या लागतात, नाहीतर डेटाबेस अडवतो. ‘ऑन डिलीट कॅस्केड’ लावलेलं असेल तर तो अडवत नाही, जोडलेलं सगळं घेऊन जातो. स्टेप लावण्याआधी टेबलाची रचना उघडून हे बघितलेलं बरं.

आणि एवढं झाल्यावरही त्या पुण्याच्या बाईंची माहिती कालच्या बॅकअपमध्ये असतेच. पुढच्या महिन्यात सर्व्हर बिघडला आणि तो बॅकअप चढवला, की त्यांचा फोन नंबर पुन्हा टेबलात येतो आणि सणाच्या ऑफरचे एसएमएस पुन्हा सुरू होतात. ते टाळण्यासाठी काढलेल्या नोंदींचे शाखा आणि ग्राहक क्रमांक, फक्त तेवढेच, वेगळ्या ठिकाणी ठेवायचे आणि बॅकअप चढवला की सर्वात आधी डिलीटचा जॉब त्या यादीवर पुन्हा चालवायचा.