मण्यारीचे विष आणि मेंदूतील ग्राही

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. भातखाचरांच्या आणि डोंगरवाड्यांच्या या मुलखात पावसाळा आला की सर्पदंशाचे भय वाढते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करते. दंशाच्या जागी सूज वा वेदना फारशी नसते. मात्र काही तासांत पापण्या मिटू लागतात, बोलता-गिळता येईनासे होते आणि अखेर श्वास बंद पडतो. असे का होते, याच्या शोधातूनच मेंदूची सूक्ष्म रचना पाहण्याचे एक साधन शास्त्रज्ञांच्या हाती आले.

दोन मज्जापेशींच्या जोडास चेतासंधी म्हणतात. तेथे पहिली पेशी रासायनिक द्रव्य सोडते आणि दुसऱ्या पेशीवरील 'ग्राही' नावाचे प्रथिनरेणू ते स्वीकारतात. कुलपात किल्ली बसावी तसा हा प्रकार आहे. मेंदूतील या संधीची फट सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी अवघे २० भाग! साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फट दाखविली. परंतु ग्राही ओळखण्यासाठी त्यांवर खूण करणे आवश्यक होते.

ती खूण मण्यारीच्या विषात मिळाली. १९६३ मध्ये चांग व ली या शास्त्रज्ञांनी तैवानमधील मण्यारीच्या विषातून 'बंगॅरोटॉक्सिन' वेगळे केले. त्याचा अल्फा प्रकार स्नायूंवरील, तसेच मेंदूतील काही ग्राहींना घट्ट चिकटतो. त्यास चकाकणारा रंग जोडला की ग्राही सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसतात. प्रकाशाची जुनी मर्यादा ओलांडणाऱ्या सूक्ष्मदर्शनास २०१४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

या ज्ञानाचा गावाशी थेट संबंध आहे. आपल्याकडील मण्यारीच्या विषातही अशीच द्रव्ये असतात. दंशानंतर ती मुख्यतः मज्जातंतू व स्नायू यांच्या संधीवर आघात करतात. श्वास चालू राहिला तर मेंदू जागा असतो. डोळे न उघडणाऱ्या रुग्णास सारे ऐकू येत असू शकते. त्यास मृत समजणे घातक ठरेल. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते आणि कृत्रिम श्वसनामुळे संधी पूर्ववत होईपर्यंत प्राण टिकतो. मंत्राने मात्र ग्राही मोकळे होत नाहीत. म्हणून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वीच सांगावयास हवी.