ड्रॅगन चांगला की वाईट? विषयातून संशोधन प्रश्न कसा काढायचा

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "विषय ठरलाय, आता फक्त सिनॉप्सिस लिहायचाय." खरी गोम इथेच आहे. विषय ठरला म्हणजे संशोधन प्रश्न ठरला असं नाही. आणि प्रश्न नसताना काम सुरू केलं तर दोन-तीन वर्षांनी हातात माहितीचा ढीग असतो, पण त्यातून नक्की काय सिद्ध करायचं होतं हेच सांगता येत नाही.

हा फरक समजून घ्यायला आज मुद्दाम हलकाफुलका विषय घेऊ: अॅनिमेशनपटांतले ड्रॅगन. हसू नका. विषय हलका असला की पद्धतीतल्या चुका लगेच दिसतात.

पायरी १: आकर्षक विधान

समजा तुम्ही लिहिलंत, "पूर्वी अॅनिमेशनपटांत ड्रॅगन दुष्ट असायचे, आता ते माणसाचे मित्र झाले आहेत." पुरावा म्हणून दोन चित्रपट दिले. डिस्नेचा 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९): त्यात मॅलेफिसेंट ही चेटकीण शेवटी अक्राळविक्राळ काळा ड्रॅगन होते आणि राजपुत्राच्या तलवारीने मरते. दुसरा, 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' (२०१०): त्यात हिकप नावाचा मुलगा ज्याला मारायला निघतो, त्याच ड्रॅगनशी मैत्री करतो. मधे एक्कावन्न वर्षं. दोन बिंदू, एक सरळ रेषा, झाला निष्कर्ष!

दोन बिंदूंतून रेषा नेहमीच काढता येते. म्हणून तर दोन बिंदूंवर विश्वास ठेवायचा नसतो.

पायरी २: विरोधी उदाहरण स्वतः शोधा

आता १९४१ मध्ये जा. डिस्नेचाच 'द रिलक्टंट ड्रॅगन'. यातला ड्रॅगन कविता करतो, त्याला भांडणाचा कंटाळा आहे, आणि त्याला मारायला आलेल्या सरदाराशी तो संगनमत करून गावकऱ्यांसमोर लुटुपुटुची लढाई करतो. ही गोष्ट मुळात केनेथ ग्रॅहम या लेखकाची, १८९८ सालची. म्हणजे 'नवा' म्हणून आपण जो प्रेमळ ड्रॅगन दाखवत होतो, तो 'जुन्या' दुष्ट ड्रॅगनच्या अठरा वर्षं आधीच पडद्यावर येऊन गेला होता.

आपलं विधान इथे कोसळलं. वाईट वाटून घेऊ नका, हा फायदाच आहे. हे उदाहरण तुम्हाला सिनॉप्सिस लिहिताना सापडलं तर एक दुपार जाते. व्हायवाला परीक्षकांनी काढलं तर अख्खा प्रबंध डळमळतो. म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना आपल्याला दुजोरा देणारं गोळा करत बसू नका. आपल्याला खोटं पाडणारं आधी शोधा.

पायरी ३: शब्दाची व्याख्या

मग कुणी म्हणेल, "ठीक आहे, काळाचा मुद्दा सोडू. पश्चिमेकडचे ड्रॅगन दुष्ट, पूर्वेकडचे शुभ, असं म्हणू." हे विधानही छान वाटतं. आता तपासू.

'मुलान' (१९९८) मधला मुशू हा छोटासा लाल ड्रॅगन पूर्वेचा की पश्चिमेचा? कथा चीनची, चित्रपट हॉलिवूडचा. मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' (२००१) मधला हाकू पांढरा, लांबलचक ड्रॅगन आहे. पण तो मुळात एका नदीचा देव आहे, आणि त्याची नदी बुजवून तिथे इमारती बांधल्या गेल्या आहेत. त्याला मॅलेफिसेंटच्याच यादीत बसवायचं का? आणि मॅलेफिसेंट तरी ड्रॅगन आहे की ड्रॅगनचं रूप घेतलेली चेटकीण?

अडचण शब्दातच आहे. चिनी परंपरेतल्या 'लुंग' या प्राण्यासाठी युरोपीयांनी आपल्याकडचा 'ड्रॅगन' शब्द वापरला. त्याच्या कितीतरी शतकं आधी, बौद्ध ग्रंथ चिनीत जाताना संस्कृतातल्या 'नागा'साठी चिनी भाषांतरकारांनी 'लुंग' हाच शब्द घेतला होता. म्हणजे आपला नाग, चीनचा लुंग आणि युरोपातला आग ओकणारा प्राणी हे तिघे भाषांतराच्या साखळीने एका पंगतीत येऊन बसलेत. ते एकाच जातीचे आहेत हे आपण गृहीत धरलं होतं, तपासलं नव्हतं.

इथे कामाला येते कार्यात्मक व्याख्या, म्हणजे माझ्या अभ्यासापुरतं काय मोजायचं आणि काय नाही, याचा लेखी नियम. उदाहरणार्थ: "ज्या पात्राला चित्रपटातल्या संवादांत ड्रॅगन म्हटलं आहे किंवा जे ड्रॅगनच्या रूपात पडद्यावर दिसतं, आणि ज्याच्यामुळे कथेला वळण मिळतं, ते पात्र." व्याख्या परिपूर्ण नसली तरी चालेल. पण ती चित्रपट बघण्याआधी लिहिलेली हवी, नाहीतर नको असलेली उदाहरणं आपण नकळत बाहेर ठेवतो.

पायरी ४: 'चांगला-वाईट' ऐवजी दिसणारं काही

'दुष्ट' हा आपला शेरा झाला. दोन माणसं दोन वेगळे शेरे मारतील. त्याऐवजी असे प्रश्न विचारा, ज्यांचं उत्तर पडद्याकडे बोट करून देता येईल. ड्रॅगन बोलतो का? शेवटी तो मरतो का? कथेत बदलतं कोण, ड्रॅगन की त्याच्याबद्दलचं माणसांचं मत?

हा शेवटचा प्रश्न लावून बघा. 'द रिलक्टंट ड्रॅगन'मध्ये ड्रॅगन पहिल्यापासून शांतच असतो, बदलतं गावाचं मत. 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मध्येही तसंच. गावाकडे ड्रॅगनांची माहिती देणारा एक ग्रंथ आहे. पण ती माहिती लढाईतून आलेली, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पानावर सल्ला एकच: दिसताक्षणी मारा. हिकप मात्र जखमी ड्रॅगनला लढाईबाहेर, निवांत बघतो आणि वेगळंच काही शिकतो. पुढे हेही कळतं की ड्रॅगन गावावर धाडी घालतात, कारण एका महाकाय ड्रॅगनला त्यांना अन्न पुरवावं लागतं. नमुना एकाच परिस्थितीतून घेतला की निष्कर्ष कसा फसतो, याचं इतकं सोपं उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

म्हणजे एकोणसत्तर वर्षांच्या अंतरावरचे हे दोन चित्रपट या एका कसोटीवर जवळ आले. आणि 'स्लीपिंग ब्यूटी'? तिथे कुणाचंच मत बदलत नाही, ड्रॅगन मरतो.

आता प्रश्न लिहू

"१९४१ ते २०१० या काळातल्या डिस्ने आणि ड्रीमवर्क्सच्या ज्या अॅनिमेशनपटांत ड्रॅगन आहे, त्यांत ड्रॅगन जिवंत राहणं आणि माणसांचं मत बदलणं यांचा संबंध आहे का?"

वाक्य रुक्ष आहे, मान्य. पण यात काळ आहे, नमुना आहे, दोन मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. मुख्य म्हणजे उत्तर "नाही" असं येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर "नाही" येऊच शकत नाही, त्यावर प्रबंध लिहिणं म्हणजे आधीच ठाऊक असलेलं तीनशे पानांत परत सांगणं.

आता तुमचा स्वतःचा विषय घ्या, मग तो ऊसतोडणी कामगारांचा असो की पेशींचा. एका कागदावर चार ओळी लिहा: माझं विधान काय, त्याला खोटं पाडणारं उदाहरण कसं असेल, मुख्य शब्दाची व्याख्या काय, आणि मी नक्की काय बघणार किंवा मोजणार. दुसरी ओळ कोरी राहिली, तर गाइडकडे जाण्याआधी आणखी एक आठवडा वाचनाला द्या.