घरच्या पूल टेबलासाठी स्लेटची निवड

पूल टेबलाच्या कापडाखाली घोटून सपाट केलेली दगडी फरशी असते. पूर्वी तिथे लाकडी फळ्या असत. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी स्लेट वापरली. शाळेच्या जुन्या पाटीचा हा दगड दमट हवेत फुगत किंवा वाकत नाही. पेण-रोह्याच्या पावसाळ्यात हा गुण मोलाचा ठरतो. स्वस्त टेबलांतला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) ओल धरून फुगतो आणि चेंडू वाट सोडतो. या भागातला काळा दगड बेसाल्ट, तर ओट्याचा कडप्पा चुनखडीचा; दोन्ही स्लेट नव्हेत.

स्लेट अखंड किंवा तीन तुकड्यांची मिळते. अखंड स्लेटला सांधा नसतो, पण ती वजनदार असते: २५ मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे सुमारे ७० किलो. सात फुटी टेबलाची स्लेट दीडशे किलोंच्या वर जाते. अरुंद जिना, वरचा मजला असेल तर तीन तुकडेच सोयीचे. ते चौकटीवर पाणसळीने समतल करून स्क्रूने आवळतात आणि सांधे मेणाने भरून खरवडतात. टेबल हलवले की हे काम पुन्हा करावे लागते.

जाडी साधारण १९ ते २५ मिमी असते. जाड स्लेट कमी लवते, मात्र चौकटही तितकीच भक्कम लागते. स्लेट टिकली तरी लाकडी चौकट आणि कापड ओल धरतात; म्हणून ओलसर भिंतीपासून टेबल दूर ठेवावे.