नवसाचं चर्च

मागच्या सुट्टीत लेकीला जलरंगांची पेटी आणली आणि तिच्याबरोबर मीही रंगवायला बसलो. दिवसभर कोड लिहिणारा माणूस. शाळा सुटल्यावर ब्रश हातात धरला तो आत्ताच. नक्कल करायला चित्र निवडलं ते मात्र मोठ्या माणसाचं: जॉन सिंगर सार्जंट यांचं १९०४ मधलं ‘सांता मारिया देला सालूते’.

व्हेनिसच्या ग्रँड कनालच्या मुखाशी हे चर्च उभं आहे. सार्जंट अनेकदा गोंडोलात बसून चित्रं काढत. या चित्रात पुढे होड्या, मागे चर्चचा दगडी दर्शनी भाग आणि त्यावर पडलेलं ऊन. रंग सैल हाताने सोडलेत, पण त्याखाली पेन्सिलचं रेखाटन आहे. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. १९०९ मध्ये या संग्रहालयाने सार्जंट यांची ८३ जलरंगचित्रं एकदम विकत घेतली होती.

तासाभरातच माझ्या पायऱ्यांवर निळा ओघळ आला. जलरंगात ऊन दाखवायचं तर बहुतेक वेळा कागद कोराच सोडावा लागतो. एकदा रंग लागला की तो कोरेपणा परत आणता येत नाही.

कागद वाळेपर्यंत लेकीने विचारलं, “बाबा, हे बांधलं कशासाठी?”

मी वाचलेलं सांगितलं. १६३० मध्ये व्हेनिसमध्ये प्लेग आला. शहरातली जवळपास एक तृतीयांश माणसं गेली. साथ टळावी म्हणून तिथल्या सिनेटने मेरीमातेला चर्चचा नवस केला. ‘सालूते’ म्हणजे आरोग्य. बालदासारे लोंगेना यांच्या आराखड्यावर १६३१ मध्ये काम सुरू झालं आणि १६८७ मध्ये चर्चचा पवित्रीकरण सोहळा झाला. लोंगेना १६८२ मध्येच वारले होते. आजही दर २१ नोव्हेंबरला कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि लोक त्यावरून दर्शनाला जातात.

“म्हणजे त्यांनी नवस फेडला,” लेक म्हणाली.

मी गप्प झालो. कोरोनात बाबा ऑक्सिजनवर होते, तेव्हा आईने तुळजापूरची ओटी बोलली होती. बाबा सुखरूप घरी आले. नंतर कधी माझी रजा नव्हती, कधी लेकीची परीक्षा होती. आईने एकदाही आठवण करून दिली नाही.

संध्याकाळी तिने आमचं चित्र हातात घेतलं. “हे कुठलं देऊळ रे?”

“नवसाचं आहे,” मी म्हटलं आणि वडोद्याहून सोलापूरची पाच तिकिटं तिच्यासमोरच काढली.

पायऱ्यांवरचा निळा ओघळ तसाच आहे. चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.